भावाने ॲप लिहायला घेतलंय, पण जूनमध्ये मुलांना काय द्यायचं?

एका शिक्षिकेचं सल्ला विचारणारं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे:

"मी सिंहगड रोडच्या बाजूला एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान आणि गणित शिकवते. मुळशी आणि राजगड तालुक्यात शिकवणाऱ्या काही मैत्रिणी आणि मी मिळून मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी एक पूर्ण मोफत ऑनलाइन प्लॅटफॉर्म काढायचा म्हणतोय. माझा भाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवाळीपासून वीकेंडला बसून तो ॲप लिहितोय, लॉगिन झालं, डॅशबोर्ड झाला, लीडरबोर्ड झाला, पण आत टाकायला एकही धडा तयार नाही. मी म्हणते तयार असलेलं काहीतरी वापरू, तो म्हणतो आपलं स्वतःचं हवं, आता घरात रोज यावरून खटके उडतात. पुस्तकातल्या आकृत्या टाकल्या तर चालतं का? मुख्याध्यापक म्हणतात शाळेचं नाव नको. आणि एका क्लासवाल्यांनी सांगितलंय की सर्व्हरचा सगळा खर्च आम्ही देतो, फक्त मुलांचे मोबाइल नंबर द्या. काय करू?"

ताई, क्लासवाल्यांचं आधी सांगते, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं पण हे नाही. त्यांना आजच नाही म्हणून कळवा. मुलांचे नंबर म्हणजे खरं तर आईवडिलांचे नंबर, ते त्यांनी शाळेवर विश्वास टाकून दिलेत, आणि एकदा ती यादी बाहेर गेली की दहावी सुरू व्हायच्या आधीपासूनच त्या घरांत फोन यायला लागतात, डेमो लेक्चरला या, ॲडमिशन घ्या, डिस्काउंट आज संपतोय, आणि ज्या घराला फी झेपत नाही तिथेच याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. कायदाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं कुणीही मूलच धरलंय, त्यांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळून बघता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला कळत नाही की साइटला मुलांचा नंबर लागतो कशाला? तुम्ही ठरवून दिलेलं एक युजरनेम, इयत्ता, तुकडी, एवढं पुरतं. जन्मतारीख नको, फोटो नको, आधार तर अजिबात नको. जे गोळाच केलं नाही ते चोरीला जात नाही.

आणि भावाला सांगून तो लीडरबोर्ड पण काढा. वर्गात ज्याला आधीच वाटतं की आपल्याला गणित येत नाही त्याचं नाव रोज यादीच्या तळाशी दाखवलं तर तो चौथ्या दिवशी साइट उघडायचा बंद होईल, आणि तुम्ही हे सगळं करताय ते त्याच्यासाठीच ना.

आता घरातलं भांडण. मी तुमच्या बाजूची आहे, पण भावाचं मन मोडू नका, कारण सुट्टीचे दिवस घालून बहिणीच्या शाळेसाठी राबणारा माणूस सहज मिळत नाही. फक्त त्याने जे काम अंगावर घेतलंय ते आधीच झालेलं आहे. मूडल नावाचं ऑनलाइन वर्ग चालवायचं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर आहे, पहिली आवृत्ती २००२ सालची, सगळ्या जगातल्या शाळा-विद्यापीठं वापरतात आणि लायसन्सचा एक रुपया लागत नाही. ज्याने ते सुरू केलं तो मार्टिन डूगियामास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत वाढला, लहानपणी त्याची शाळा रेडिओवरून भरायची, म्हणजे शाळेपासून लांब राहून शिकणं काय असतं हे त्याने स्वतः भोगलेलं होतं. तर मूडलमध्ये प्रश्नपेढी आहे, गृहपाठ जमा करायची सोय आहे, गुण आपोआप नोंदले जातात, एचफाइव्हपी नावाचं साधन वापरून व्हिडिओच्या मध्येच प्रश्न टाकता येतो, गणिताची सूत्रं नीट दिसतात, आणि एक प्रश्नप्रकार तर असा आहे की गणित एकदाच लिहायचं आणि प्रत्येक मुलाला त्यात आकडे वेगळे येतात. भाऊ हे सगळं लिहू शकतो, मला शंका नाही, पण लिहून झाल्यावर पुढची पाच वर्षं ते जिवंत कोण ठेवणार? पासवर्ड विसरलेली मुलं, सिक्युरिटीचे अपडेट, परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडलेला सर्व्हर, आणि नेमका तेव्हा भाऊ ऑनसाइटला गेलेला किंवा कंपनी बदललेली. स्वतःचा कोड असला की तो समजणारा माणूस जगात एकच असतो. मूडल असलं तर पुण्यात एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात विचारलं तरी माहीतगार सापडेल, आणि तुमच्या मैत्रिणींना शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मूडलची मालिका फुकट आहे. मूडलचं मोबाइल ॲपही आहे, त्याच्या मोफत आवृत्तीला काही मर्यादा आहेत त्या भावाला आधी वाचायला सांगा, नाहीतर साधं ब्राउझरमध्ये उघडलं तरी चालतं.

भावाला काम नाही असं मात्र अजिबात नाही, उलट जे काम तयार मिळत नाही ते त्याने करावं. तुम्ही शिक्षक लोक मूडलच्या फॉर्ममध्ये एकेक प्रश्न भरत बसलात तर महिन्याभरात कंटाळाल, तेव्हा तुम्ही गूगल शीटमध्ये प्रश्न लिहा आणि त्याने एक छोटा प्रोग्राम लिहून त्या शीटमधून मूडलला समजणारी फाइल काढून द्यावी, गिफ्ट नावाचा साध्या टेक्स्टचा फॉरमॅट आहे त्यासाठी, त्याच्यासारख्याला दोन-तीन संध्याकाळचं काम. दुसरं, तुमच्या शाळेत आणि मैत्रिणींकडे जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमधल्या असणार, पुण्यातल्या डीटीपीवाल्यांकडून टाइप करून घेतलेल्या, त्या वेबवर चिकटवल्या की नुसता कचरा दिसतो. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, आणायच्या आणि मग कुणीतरी मराठी नीट येणाऱ्या माणसाने वाचून काढायच्या, कारण कन्व्हर्टरमधून जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, 'दुसऱ्या'मधला र तर बघाच. तिसरं, बॅकअप. रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी जायला हवा आणि तीन महिन्यांतून एकदा तो खरंच परत उभा करून बघायला हवा, परत उभा करून न बघितलेल्या बॅकअपवर मी विसंबणार नाही. आणि एक बारीक गोष्ट, मुलाने उत्तर ९.८ असं देवनागरी आकड्यात लिहिलं तर कॉम्प्युटर ते चूक धरू शकतो, हे शाळा सुरू व्हायच्या आधी तपासून ठेवायला सांगा, नाहीतर बरोबर उत्तर लिहून शून्य मिळालेलं पोरगं रडत तुमच्याकडे येईल.

राजगड तालुक्यातल्या, म्हणजे आधीच्या वेल्ह्यातल्या मैत्रिणीचा प्रश्न वेगळा आहे, तिथे कितीतरी ठिकाणी रेंज मिळवायची तर टेकडीवर जावं लागतं. तिच्यासाठी कोलिब्री बघा. हे शिकण्याचं सॉफ्टवेअरही मोफत आणि ओपन सोर्स, आणि मुळात इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलेलं. शाळेतल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर टाकायचं, सोबत एक साधा वायफाय राउटर, मुलं टॅबवर नाहीतर मोबाइलवर ब्राउझर उघडून त्याच खोलीत जोडली जातात, इंटरनेट लागत नाही. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर नवीन साहित्य नेऊन घालायचं. म्हणूनच व्हिडिओ फक्त यूट्यूबवर टाकून मोकळं होऊ नका, मूळ फाइल जपून ठेवा आणि तिची एक हलकी आवृत्ती काढा, पाच-सहा मिनिटांच्या वर एकही व्हिडिओ नको. खूपदा तर व्हिडिओची गरजही नसते, नीट काढलेली एक आकृती आणि तुमच्या आवाजातलं दोन मिनिटांचं ऑडिओ पुरतं.

काहीही नवं बनवायच्या आधी एक शनिवार फक्त शोधण्यात घालवा. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते स्कॅन केले की दीक्षावर जाता येतं, केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेलं शालेय साहित्याचं पोर्टल. तिथलं सगळं चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही पण जे चांगलं आहे त्याची लिंक द्या, परत कशाला बनवायचं? प्रयोगांसाठी तर आपल्या पुण्यातच खजिना आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी, त्यांच्या साइटवर छोटे छोटे व्हिडिओ आणि पुस्तकं आहेत, मराठीतही आहेत, आणि कुणाकडून कधी पैसे घेतलेले नाहीत. आणि क्यूआर कोडचंच बघा, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसलेंनी ते पुस्तकाला चिकटवले ते एका शाळेपुरतेच होते, आधी आपल्या वर्गात चाललं आणि मग पुढे गेलं.

मग तुम्ही काय बनवायचं? ताई, इथेच तुमचं खरं काम आहे आणि ते भावाला किंवा कुठल्याही कंपनीला जमणारं नाही. मुलं कोणतं चुकीचं उत्तर देतात हे तुम्हाला माहीत आहे. नववीला गतीचे नियम शिकवताना विचारा, गुळगुळीत फरशीवरून डबा सरळ रेषेत एकाच वेगाने सरकतोय, त्यावर एकूण बल किती? अर्धा वर्ग सांगणार की पुढच्या दिशेने बल असणारच, नाहीतर तो सरकतोय कसा. नियम पाठ असतो, घोकून लिहितातही, पण मनात पक्कं बसलेलं असतं की गती आहे म्हणजे बल आहे. किंवा घोडा गाडीला ओढतो तेवढ्याच बलाने गाडी घोड्याला ओढते, मग गाडी हलते कशी? धाराविद्युतमध्ये दोन बल्ब एकसर जोडणीत दिले की पहिला बल्ब थोडी वीज खातो आणि दुसऱ्याला उरलेली मिळते असं सांगणारी मुलं दरवर्षी असतात. ही चुकीची उत्तरं तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलीत, पेपर तपासताना लाल पेनाने कापलीत, आणि ती बहुधा तुम्ही कुठे लिहून ठेवलेली नाहीत.

तीच पर्याय म्हणून घाला. मूडलमध्ये प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वेगळा अभिप्राय देता येतो. मुलाने "पुढच्या दिशेने बल" निवडलं तर नुसतं "चूक" असं न दाखवता त्याला विचारा, स्वारगेटहून खडकवासल्याच्या बसमध्ये उभा असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर तू पुढे का जातोस, तुला मागून कुणी ढकललं का? मग परत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत. असे पंचवीस प्रश्न, एका धड्याचे, नीट तपासलेले, हे कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं आहे, आणि शिक्षकांसाठीही तेच खरं साहित्य, कारण नोकरीला नवीन लागलेल्या शिक्षिकेला धड्यात काय आहे ते पुस्तकातून कळतं पण मुलं नेमकी कुठे घसरतात हे तिला सांगणारं आज कुणी नाही.

शिक्षक वेळ कुठून काढणार हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत पण तेच सगळ्यात अवघड आहे. यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरा, निवडणुकीचं काम करा, ही नोंद ऑनलाइन करा ती लिंक आजच भरा, यात बिचाऱ्यांचा जीव जातो, आणि त्यात तुम्ही "आमच्या पोर्टलवर पण माहिती भरा" म्हणालात तर कुणी येणार नाही. म्हणून त्यांच्याकडे काहीच मागू नका, सोबत बसा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दीड तास, प्रत्येकीने फळ्यावर आधीच वापरलेले चार-पाच प्रश्न घेऊन यायचं, बोलत बोलत शीटमध्ये एकीने टाइप करायचं: प्रश्न, बरोबर उत्तर, मुलं देतात ते उत्तर, त्यांना तसं का वाटत असेल, आणि संकल्पनेचं नाव. धड्याचा नंबर मुख्य खूण म्हणून घालू नका, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलायला लागलीत, धडा तिसऱ्याचा सातवा होईल पण जडत्व जडत्वच राहील.

पुस्तकातल्या आकृत्यांचं. बालभारती पीडीएफ मोफत देते म्हणून त्यातलं काहीही उचलून आपल्या साइटवर लावता येतं असं नाही, पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय भाग घ्यायचा नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात वापराला सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठातल्या पुस्तकांच्या झेरॉक्सच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बरीच मोकळी धरली, पण वर्गासाठी प्रती काढणं वेगळं आणि सगळ्या जगाला उघड्या साइटवर कायमचं लावणं वेगळं, त्या सवलतीच्या भरवशावर साइट उभी करू नका. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमधली गणितं जशीच्या तशी तर नकोतच. न्यूटनचा नियम कुणाच्या मालकीचा नाही, पुस्तकातलं वाक्य आणि चित्र मालकीचं असतं, तर वाक्य तुमचं लिहा आणि चित्र आठवीतल्या एखाद्या चांगला हात असलेल्या मुलीकडून काढून घ्या, तिच्या आईवडिलांना विचारून. विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या साठ्यावरही बऱ्याच आकृत्या आहेत, लायसन्स बघून, श्रेय देऊन, मराठी नावं घालून वापरता येतात.

तुमच्या स्वतःच्या साहित्याला लायसन्स द्याच, नाहीतर उद्या नाशिकच्या शिक्षकाला ते बदलून वापरायची कायदेशीर मुभाच नसेल. क्रिएटिव्ह कॉमन्स ही खुल्या साहित्यासाठीची तयार लायसन्सं आहेत, त्यातलं बाय-एसए घ्या असं माझं मत आहे, म्हणजे कुणीही वापरा, बदला, पण श्रेय द्या आणि बदललेलंही तसंच मोकळं ठेवा. तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल की मग क्लासवाले आपले प्रश्न छापून विकतील, व्यापारी वापर बंद असलेलं घेऊ. मला ते पटत नाही. तसं केलं तर झेरॉक्सचे पैसे घेणारी छोटी शाळासुद्धा अडखळते, आणि विकिपीडियावरचा मजकूर बाय-एसएमध्ये असल्यामुळे तो तुमच्या मजकुरात मिसळताही येत नाही. क्लासवाल्यांनी विकलं तरी साइटवर ते फुकटच आहे. आणि बदल करायला बंदी असलेलं लायसन्स तर चुकूनही नको, मुळशीतल्या बाईंना उदाहरण आपल्या गावाचं करून घेता आलंच पाहिजे. प्रत्येक शिक्षकाकडून एका ओळीची लेखी संमती आत्ताच घ्या, नंतर बदली झाली की गाठ पडत नाही.

मुख्याध्यापकांवर रागावू नका, शाळेचं नाव नको हे मला बरंच वाटतं, कारण एका शाळेचं नाव लागलं की दुसऱ्या शाळेचे शिक्षक हात आखडता घेतात. पण त्यांच्याकडून एक कागद मात्र घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, म्हणून तुमच्या संस्थेला साधं पत्र द्या की मी हे शाळेच्या वेळेबाहेर करतेय, ते सर्वांसाठी खुलं राहणार आहे, त्याला संस्थेची हरकत नाही असं लिहून द्यावं. बाकीच्या मैत्रिणींनीही आपापल्या ठिकाणी तेच करावं.

खर्चाचं फार डोक्यात घेऊ नका. एवढ्या मुलांसाठी छोटा सर्व्हर आणि डोमेन वर्गणी काढून सहज निघतं, माजी विद्यार्थ्यांना विचारलं तरी कुणीतरी वर्षाचा खर्च उचलेल. जाहिराती नकोत. ट्रस्ट वगैरे नोंदवायची घाई आत्ता नको. फक्त डोमेन आणि सर्व्हरचे पासवर्ड एकट्या भावाकडे ठेवू नका, दोघींकडे तरी असू देत आणि रिन्यूअलची तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरवर टाका, तारीख हुकली म्हणून बंद पडलेल्या चांगल्या साइट खूप आहेत.

जूनसाठी गतीचे नियम हा एकच धडा धरा. अख्खी नववी नको, गणित तर यंदा नकोच. तो झाला की आधी राजगडच्या मैत्रिणीच्या वर्गात चालवून बघा, तुमच्या शाळेत नंतर, कारण तिथे चाललं तर इथे चालेलच. मुलं वापरत असताना तुम्ही मदत करू नका, मागे उभं राहून कोण कुठे अडकतंय ते वहीत लिहीत जा. आणि त्या दिवशी भावाला सुट्टी टाकायला सांगून सोबत न्या, पुढे काय बनवायचं यावर तुम्ही दोघं त्या वर्गातून बाहेर आल्यावर बोला, तोवर घरात हा विषय काढू नका.